सोडून गेला की डच्चू दिला?

घाटंजीहून बोलतोय. मागून कापसाच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, खिडकी बंद केली की इथं बसवत नाही. आजचा विषय आहे कोच. टीम सोडून दुसरीकडे जाणारा कोच, आणि तो गेल्यावर पेपरात, चॅनलवर, रीलवर त्याचं जे काही होतं ते.

सुरुवात शब्दांपासून करू. मराठी क्रीडा पानाची स्वतःची एक भाषा आहे, लहानपणापासून वाचून आपल्या अंगात भिनलेली. कोच स्वतःहून गेला की बातमी काय असते? ‘रामराम ठोकला.’ ‘सोडचिठ्ठी दिली.’ ‘साथ सोडली.’ ‘वाऱ्यावर सोडलं.’ आता उलट करा. असोसिएशननं कोचला काढलं, तर? ‘डच्चू’, ‘नारळ’, ‘उचलबांगडी’. ऐका जरा हे शब्द. सोडचिठ्ठी म्हणजे घर मोडणं. डच्चू म्हणजे गंमत. नारळ दिला म्हणताना तर ओठांवर हसू येतंच. काम तेच, करार संपला, एक माणूस उद्यापासून मैदानावर दिसणार नाही. पण एका बाजूनं झालं तर पाप, आणि दुसऱ्या बाजूनं झालं तर विनोद. बाकी सगळं यातूनच निघतं.

आता आपल्या विदर्भाचं उदाहरण घेऊ. चंद्रकांत पंडित. नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो: विकेटकीपर, भारतासाठी पाच टेस्ट, 36 वन डे, मुंबईचा माणूस. पण खरं नाव झालं ते कोच म्हणून. मुंबईला 2002-03 आणि 2003-04 असे लागोपाठ दोन रणजी करंडक, मग 2015-16 मध्ये तिसरा. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2017 मध्ये, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबई फायनलमध्ये गुजरातकडून हरली. लक्षात घ्या, फायनलमध्ये हरली. पहिल्या फेरीत नाही. त्या हंगामानंतर मुंबईनं कोच बदलला, समीर दिघेंना आणलं. आधीच्या वर्षी करंडक, यंदा उपविजेता, आणि माणूस घरी.

बरं, मुंबईनं त्याची साथ सोडली, मुंबईनं त्याला वाऱ्यावर सोडलं, अशा भाषेत आपण त्याबद्दल कधी बोललो का? कोच बदलणं हा असोसिएशनचा अधिकार, असंच धरून चालतो आपण. आणि तो आहेच, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

मग तो माणूस विदर्भात आला. पुढचं तुम्हाला पाठ आहे, तरी सांगतो, कारण सांगताना मला मजा येते. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं. आपल्या टीमचं नाव दिसलं की समोरचे गुण मोजून ठेवायचे, अशी आपली पत होती. 2017-18 मध्ये कोलकात्याला सेमीफायनल, समोर कर्नाटक, आणि आपण जिंकलो पाच रनांनी. रजनीश गुरबानीनं दुसऱ्या डावात सात काढले. मग फायनल दिल्लीशी, पुन्हा त्याच होळकर स्टेडियमवर. गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि 1 जानेवारी 2018 ला विदर्भ नऊ विकेटनं चॅम्पियन. फैज फझल कॅप्टन. ज्या मैदानावर पंडित एका वर्षापूर्वी हरून बाहेर पडले होते, त्याच मैदानावर.

पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला हरवून परत करंडक. आदित्य सरवटेच्या अकरा विकेट, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानंच घरी पाठवलं, एक रन आणि शून्य. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या अक्षय कर्णेवारचे पहिल्या डावातले नाबाद 73. दोन्ही वर्षी इराणी करंडकही आपलाच.

या सगळ्यात एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कोणी काढत नाही. त्या टीममध्ये वसीम जाफर होता. मुंबईचा, नंतर विदर्भाचा. 2016-17 मध्ये दुखापतीमुळे तो खेळू शकला नव्हता, तरी असोसिएशननं त्याचे ठरलेले पैसे दिले. म्हणून पुढच्या हंगामात, म्हणजे चॅम्पियनशिपच्या हंगामात, तो मानधन न घेता खेळला. फायनलचे विजयी रन त्याच्याच बॅटमधून आले. बाहेरून आलेला माणूस म्हणजे भाडोत्री, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वहीत लिहून ठेवावं.

तर. मार्च 2020. पंडित विदर्भ सोडून मध्य प्रदेशला गेले.

आता मी काही कुणाचं छापून आलेलं वाचून दाखवत नाही. मी तुम्हाला आपल्याकडच्या पानटपरीवरचं सांगतो, कारण पेपर आणि पानटपरी यांच्यात अंतर फार नसतं, एकाचं दुसऱ्याकडे जातच असतं. ‘गेला बाप्पा, मोठी ऑफर भेटली अशीन.’ ‘आपल्याले वापरून घेतलं राजेहो.’ ‘मुंबईवाले असेच.’ काहून? दोन रणजी, दोन इराणी, तीन हंगाम. वापरून कोणी कोणाला घेतलं? माझ्या मते दोघांनी एकमेकांना, आणि दोघांचंही भलं झालं. नोकरी म्हणजे तेच असतं ना.

पुढं काय झालं बघा. जून 2022, बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, रणजी फायनल. मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई. मध्य प्रदेश सहा विकेटनं जिंकला, त्यांचा पहिलाच करंडक. आणि पंडित मैदानावर रडले. कारण याच मैदानावर 1998-99 च्या फायनलमध्ये ते मध्य प्रदेशचे कॅप्टन होते, आणि कर्नाटककडून हरले होते. तेवीस वर्षांनी हिशेब पूर्ण झाला. देशभरच्या क्रीडा पानांना याहून चांगली गोष्ट कुठून मिळणार? अधुरं स्वप्न, जुनी जखम, परतलेला कॅप्टन. सगळं खरंच होतं, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण हा तोच माणूस आहे, ज्यानं विदर्भ सोडला म्हणूनच तो त्या दिवशी तिथं उभा राहू शकला. नागपुरातून पाहिलं तर ‘गेला’, आणि भोपाळ-इंदूरहून पाहिलं तर ‘आला’. पेपर कुठल्या गावात छापला जातो यावर माणसाची नियत ठरते.

आणि गंमत म्हणजे त्या फायनलमध्ये मुंबईचे कोच होते अमोल मुजुमदार. ते पुढे 2023 मध्ये भारतीय महिला टीमचे कोच झाले, आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी वर्ल्ड कप उचलला. त्यांनी मुंबईला सोडचिठ्ठी दिली असं तुम्ही ऐकलंय कुठं? मी तरी नाही. ओंकार साळवींचं घ्या. मार्च 2024 मध्ये मुंबईनं वानखेडेवर रणजी जिंकली, फायनलमध्ये आपल्यालाच, विदर्भालाच हरवून. साळवी त्या टीमचे हेड कोच. नोव्हेंबरमध्ये बातमी आली, आरसीबीचे बॉलिंग कोच होणार. सगळीकडे अभिनंदन. म्हणजे वर चढत जाणारा कोच ‘प्रगती’ करतो. बाजूच्या राज्यात जाणारा ‘पैशासाठी’ जातो. आयपीएलमध्ये जाणाऱ्याला तर पैसा मिळतच नसावा, असं वाटायला लागतं. [हसतो]

साळवींच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नीट झाली, ती सांगायलाच पाहिजे. मुंबईचा देशांतर्गत हंगाम संपवून मगच आरसीबीकडे जायचं, असं आधीच ठरलं होतं. टीम अर्ध्यात सुटली नाही. असं ठरवता येतं, आणि ठरवलं की कोणाला शिव्या द्यायची गरज उरत नाही.

आता मोठं उदाहरण, कारण ते तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर लाईव्ह पाहिलंय. ऑगस्ट 2022 मध्ये पंडित कोलकाता नाईट रायडर्सचे हेड कोच झाले. ती जागा रिकामी का झाली? ब्रेंडन मॅकलम इंग्लंडच्या टेस्ट टीमचा कोच म्हणून निघून गेला म्हणून. मॅकलमवर कोणी रुसलं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये गौतम गंभीर लखनऊ सोडून मेंटॉर म्हणून कोलकात्यात आला. त्याला शब्द वापरला गेला ‘घरवापसी’. लखनऊचं काय झालं हे विचारणारा कोणी नाही. मे 2024 मध्ये कोलकाता जिंकलं, श्रेय जवळजवळ सगळं गंभीरला. हेड कोच चंद्रकांत पंडित होते हे किती जणांना आठवलं? आणि जुलैमध्ये गंभीर भारताचा कोच झाला, जाताना कोलकात्याच्याच स्टाफमधले अभिषेक नायर आणि रायन टेन डोशाटे यांनाही घेऊन गेला.

क्षणभर थांबून विचार करा. एक माणूस एका हंगामात एक टीम सोडतो, दुसरीकडे येतो, जिंकतो, लगेच तिसरीकडे जातो, आणि दुसरीचा अर्धा स्टाफ सोबत नेतो. हेच जर एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातल्या कबड्डी कोचनं केलं असतं, तर ‘टोळी फोडली’ अशी बातमी आली असती. माझा गंभीरवर राग नाही. देशाची टीम बोलावते तेव्हा जायचंच. माझा प्रश्न आहे की तोच मोकळेपणा खालच्या माणसाला का नाही.

2025 मध्ये कोलकाता आठव्या नंबरावर राहिलं, जुलैमध्ये पंडित आणि टीम वेगळे झाले. पुढच्या हंगामासाठी हेड कोच कोण? अभिषेक नायर. सर्कल पूर्ण. आणि या वेळी बातमी दोन ओळींची, नेहमीसारखी. जाणाऱ्याच्या नव्या प्रवासाला शुभेच्छा, विषय संपला.

काढलेल्या माणसाची बातमी दोन ओळींची का असते, याचं अजून एक उदाहरण. सुलक्षण कुलकर्णी, मुंबईचेच, एके काळी विदर्भालाही कोचिंग केलेलं. 2023-24 मध्ये तमिळनाडूला घेऊन रणजी सेमीफायनलपर्यंत गेले. समोर मुंबई. तमिळनाडूच्या कॅप्टननं टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि टीम कोसळली. सामना संपल्यावर कुलकर्णी उघड बोलले, की पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजताच आपण हरलो होतो. कॅप्टनबद्दल असं जाहीर बोलणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण ते एक वाक्य गाजलं, आणि कित्येक वर्षांनी तमिळनाडू सेमीफायनलला कोणामुळे पोचलं हे मागं पडलं. पुढच्या हंगामाला तिथं कोच म्हणून एल. बालाजी होते. एक हंगाम, बस.

आणि वसीम जाफर. तोच, फुकट खेळलेला. निवृत्त होऊन उत्तराखंडचा कोच झाला. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यानं राजीनामा दिला. कारण लिहून दिलं होतं: निवडीत ढवळाढवळ, लायक नसलेली पोरं टीममध्ये घुसवणं. दोन दिवसांत विषय कुठं गेला? त्याच्या धर्मावर. तो टीममध्ये धर्म आणतो, असे आरोप. त्याला पत्रकार परिषद घेऊन एकेक आरोप खोडून काढावा लागला. अनिल कुंबळे त्याच्या बाजूनं बोलले, फार कमी लोक बोलले. निवड समितीवरचा मूळ आरोप? तो त्या गोंधळात हरवूनच गेला. म्हणून सांगतो, कोचनं सोडलं म्हणजे त्याच्या नियतीची चौकशी सुरू होते. ज्या ऑफिसमुळे त्यानं सोडलं, त्या ऑफिसची होत नाही.

असं का होतं? पेपरवाले वाईट असतात म्हणून? नाही. माझा स्वतःचा अंदाज सांगतो, आणि तालुक्याच्या पातळीवर हा अंदाज जवळजवळ पक्का आहे.

जाणारा माणूस निघून जातो. उरतो कोण? असोसिएशनचा सेक्रेटरी, संस्थेचा अध्यक्ष, प्राचार्य. वार्ताहराला उद्याही बातमी लागणार आहे, आणि ती त्यांच्याकडूनच मिळणार आहे. आपल्या तालुक्याच्या ठिकाणच्या वार्ताहराचं घर पगारावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, दिवाळी, आणि साहेबांचा वाढदिवस. पानभर शुभेच्छा, खाली शंभर फोटो. त्या जाहिराती कोण देतं? संस्था देते. कोच देतो का? कोचकडे पेट्रोलचे पैसे नसतात. मग त्या दोघांत भांडण झालं तर बातमी कोणाच्या तोंडून लिहिली जाईल, हे समजायला पत्रकारितेची डिग्री लागत नाही.

बरं, पत्रकार स्वतः? आज या पेपरात, उद्या त्या चॅनलवर, परवा स्वतःचं यूट्यूब. फेसबुकवर पोस्ट पडते, ‘नवी इनिंग सुरू करतोय, आशीर्वाद असू द्या.’ खाली तीनशे जण शुभेच्छा देतात. मीही देतो. त्यात वावगं काय आहे? पोटासाठी माणूस जागा बदलतो. घाटंजीची अर्धी पोरं पुण्यात चाकणला, हिंजवडीला आहेत. त्यांनी गावाला सोडचिठ्ठी दिली असं आपण म्हणतो का? उलट दिवाळीला आले की चहा पाजतो.

आता थोडं खाली येऊ, आपल्या पातळीवर, कारण रणजीचा कोच काय, त्याचं पोट भरतं. खरा प्रश्न कॉलेजच्या कोचचा आहे.

आपल्या जिल्ह्यातलंच एक कॉलेज, नाव घेत नाही. माझा मित्र तिथं खो-खो खेळायचा. सर बाहेरून यायचे, बीपीएड झालेले, तासिका तत्त्वावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घेतले तितके पैसे, नेमणूक त्या वर्षापुरती, सुटीचे पैसे नाहीत, आणि मिळतात तेही कधी मिळतील ते देव जाणे. आता मला सांगा, सकाळी सहाला मैदानावर पाणी मारणं, चुन्यानं रेषा आखणं, पोरांना घेऊन अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणं, एसटीत रात्रभर बसून परत येणं, हे कुठल्या तासिकेत बसतं? कुठल्याच नाही. सरांचे कित्येक महिन्यांचे पैसे थकलेले. तरी दोन वर्षं त्यांनी टीम बांधली. मग त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात एका शाळेत पक्की नोकरी लागली. पक्की म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार. ते गेले. स्पर्धेला तीन आठवडे होते.

बातमी आली. खेळाडूंचं भवितव्य अधांतरी, प्रशिक्षक सोडून गेले, असा सूर. संस्थेच्या पदाधिकाऱ्याचं मत होतं. सरांचं मत नव्हतं, त्यांना कोणी फोनच केला नव्हता. थकलेल्या पैशांचा एक शब्द नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी फिरली, आणि ज्या पोरांना सरांनी घरून डबा आणून खाऊ घातला होता, त्यांतल्याच काहींनी खाली लिहिलं, ‘सर गद्दार निघाले.’

माझा मित्र तेव्हा सरांवर चिडला होता, आणि त्याचं चिडणं मी उडवून लावणार नाही. कारण त्याच्यासाठी ती नुसती टीम नव्हती. विद्यापीठाचा कलर कोट मिळणं, तिथून अश्वमेधला जाणं, हे आपल्याकडच्या पोरासाठी काय असतं ते शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीच्या लाईनीत उभ्या असलेल्या पोरासाठी योग्य स्पर्धेचं एक प्रमाणपत्र म्हणजे काय, हे त्याच्या आईला विचारा. शेती दोन एकर, तीही कोरडवाहू. अशा वेळी तीन आठवडे आधी कोच गेला तर पोरगं रडणारच. कोचनं जाताना पोरांना समोर बसवून सांगायला हवं होतं, एवढं माझंही म्हणणं आहे. सरांनी तसं केलं नाही, रात्री मेसेज टाकून गेले. ते चुकलंच.

पण राग कुठं जायला हवा होता? ज्यानं दोन वर्षं उधारीवर काम केलं त्याच्यावर, की ज्यांनी त्याला उधारीवर ठेवलं त्यांच्यावर? बातमी लिहिणाऱ्याला तीन-चार साधे फोन करायचे होते. करार होता का? पैसे थकले होते का? जागा पक्की भरायला मागणी केली होती का? दुसरा कोच कधी येणार? यातला एकही प्रश्न अवघड नाही. फक्त त्याची उत्तरं ज्याच्याकडे आहेत तो जाहिरात देणारा आहे.

अमेरिकेत हे सगळं आपल्याहून शंभरपट मोठं चालतं, म्हणून दोन मिनिटं तिकडे जाऊ. तिथं कॉलेजचं फुटबॉल म्हणजे आपलं आयपीएलच समजा, आणि कॉलेज कोचचा पगार कोट्यवधी. ब्रायन केली नावाचा कोच 2021 च्या शेवटी नोत्र दाम सोडून लुइझियाना स्टेटला गेला, टीमला अजून प्लेऑफची आशा असताना. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच लुइझियाना स्टेटनं त्याला काढलं. मग त्यांनी आणला लेन किफिन, जो नोव्हेंबर 2025 मध्ये मिसिसिपीची टीम सोडून आला, अकरा सामने जिंकून प्लेऑफच्या दारात उभी असलेली टीम! तिथंही ‘गद्दार’ वगैरे सगळं झालं. पण तिथं वाद दुसऱ्या बाजूनंही आहे, आणि तो मला जास्त पटतो. कित्येक वर्षं तिथं नियम असा होता की कोच हवा तेव्हा कॉलेज बदलू शकतो, पण फुटबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूनं कॉलेज बदललं तर त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. वीस वर्षांच्या पोराला शिक्षा, पन्नास वर्षांच्या कोचला बोनस. तो नियम 2021 मध्ये सैल झाला. आणि पोरं बदलायला लागली तेव्हा काय ऐकू आलं? ‘आजकालच्या पोरांत निष्ठा राहिली नाही.’

म्हणजे तिथं कोच ताकदवान, म्हणून शिव्या पोरांना. इथं संस्था ताकदवान, म्हणून शिव्या कोचला. शिव्या उताराकडे वाहतात, पाण्यासारख्या.

आपल्याकडे खेळाडूला राज्य बदलायचं तर जुन्या असोसिएशनचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यावरही भावना पेटतात. करुण नायर आठवतो? कर्नाटकानं बाजूला ठेवलेला, टेस्टमध्ये त्रिशतक काढलेला माणूस. 2023 मध्ये विदर्भात आला. 2024-25 च्या फायनलमध्ये दुसऱ्या डावात 135 काढून करंडक आपल्या ताब्यात दिला. त्या वेळी तो ‘आपला करुण’ होता. पुढच्या हंगामाला परत कर्नाटकात गेला. मग झाला ‘शेवटी बाहेरचाच’. त्याच उन्हाळ्यात अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. तो तर घरचाच होता, त्याला काय म्हणणार?

आणि त्याच 2025 च्या फायनलचं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जामठ्याचं मैदान, समोर केरळ, त्यांच्या इतिहासातली पहिली रणजी फायनल. केरळकडून डावखुरा एक माणूस उभा आहे, 79 रन काढतोय, आपल्या विकेटही काढतोय. आदित्य सरवटे. सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर अकरा विकेट घेऊन आपल्याला करंडक जिंकून देणारा. त्या हंगामापासून तो केरळसाठी खेळत होता. केरळचे कोच अमय खुरासिया, तेही मध्य प्रदेशचे. आपले दानिश मालेवार, हर्ष दुबे एका बाजूला, आपलाच सरवटे दुसऱ्या बाजूला. सामना अनिर्णित, पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा चॅम्पियन, कोच उस्मान गनी. पंडित नव्हते. पंडित गेल्यावर विदर्भाचं क्रिकेट बुडेल असं म्हणणारे त्या दिवशी कुठं होते, मला बघायचं होतं.

अक्षय कर्णेवारवरून आठवलं, हे सांगायचं राहून जाईल. दोन्ही हातांनी बॉलिंग टाकणारा बॉलर म्हणून सगळ्यांना तो माहीत आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटीत चार ओव्हर, चारही मेडन, शून्य रन, दोन विकेट. जगभर बातमी गेली. पण तो आधी उजव्या हातानं टाकायचा. पोरगं थ्रो डाव्या हातानं करतंय, मग डाव्या हातानं टाकून बघ की, हे आधी हेरलं ते त्याच्या लहानपणच्या कोचनं. गावाकडच्या मैदानावर. त्या कोचचं नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे, हात वर करा. पाहिलं? न जाणाऱ्याची बातमी कधीच होत नाही. तो दुसरीकडे जाईल त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं नाव छापून येईल, आणि तेही रामराम ठोकला म्हणून.

माझ्या त्या मित्राचं सांगतो, विचाराल म्हणून. तीन आठवडे त्यांनी कोच नसतानाच सराव केला. सरांनीच शिकवलेला क्रम, तोच वॉर्म-अप, तेच पोल डाईव्ह. तिसऱ्या फेरीत हरले. त्याला कलर कोट मिळाला नाही. पुढच्या वर्षीही त्या कॉलेजात कोच आला नाही, आणि त्याची मात्र बातमी आली नाही. सरांचा फोन अजून येतो त्याला, भरतीची जाहिरात निघाली की. गेल्या आठवड्यात आला होता, ‘फॉर्म भरला का रे?’ म्हणून. थकलेले पैसे मिळाले का, असं मी विचारायला सांगितलं. सर म्हणे हसले आणि म्हणाले, तू गोळाफेक किती टाकतोस ते सांग आधी.

चला, बॅटरी सात टक्के आहे आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही. तुमच्या कॉलेजातले असे कोच असतील, गेलेले किंवा न गेलेले, तर व्हॉइस नोट पाठवा. कॉलेजचं नाव घेतलं नाही तरी चालेल, सरांचं सरांना विचारूनच घ्या. पुढच्या मंगळवारी भेटू.